एक आणि दोन नंबर ओले

हिराजी मेस्त्रींना मी सहा वर्षं ओळखत होतो. त्यातले एकवीस दिवस ते घाबरलेले होते. त्या एकवीस दिवसांची एक वही माझ्याकडे आहे, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. ती मी माझ्या हौसेने लिहिलेली नाही. मेस्त्रींनी लिहायला लावली होती.

पळस्पे फाट्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रे, मागे एक बदामाचं झाड आणि पुढे दोन ट्रक उभे राहतील एवढी काळी पडलेली जमीन. पाटी नव्हती. मी खांदा कॉलनीत राहतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झालो त्या वर्षी माझी स्कूटर त्या जागेसमोर बंद पडली. मेस्त्री म्हणाले, "आमी दुचाकी करत नाय." मग स्कूटर केली. पैसे विचारले तर म्हणाले, "करत नाय म्हटलं ना. मंग पैसे कसले?" तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी मी तिथे जाऊन बसू लागलो.

ते मूळचे उरणजवळच्या करंजाचे, कोळी. तरुणपणी मच्छीमार बोटीवर इंजिन सांभाळत. समुद्र सोडल्यावर ट्रकच्या इंजिनांकडे वळले. पंचवीस वर्षं समुद्रापासून दूर काढूनही काही गोष्टी त्यांनी बोटीवरच्याच ठेवल्या होत्या. पान्यांना त्यांनी खिळे-फळ्या केल्या नव्हत्या, दोरीला गाठी मारून पाने टांगले होते, कारण हलत्या जागी फळीवरची वस्तू पडते. गॅरेज हलत नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं तर म्हणत, "आज नाय हलत." इंजिनातून काढलेली वस्तू ते कालच्या पेपरावर ओळीने मांडत आणि एक नंबर नेहमी समुद्राच्या बाजूला, पश्चिमेला. ट्रक कोणत्याही दिशेला तोंड करून उभा असो, ओळ पश्चिमेकडून सुरू व्हायची. आणि काम संपलं तरी "झालं" असं ते म्हणत नसत. बॉनेट पाडून म्हणत, "जाऊन ये."

आमच्या कॉलनीतले एक इंजिनीअर एकदा स्वतःच्या गाडीला जोडायचं यंत्र घेऊन आले. मोबाइलवर इंजिनातला बिघाड दिसतो म्हणाले. मेस्त्रींनी तो मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"काय बोलतो हा?"

"सेन्सर खराब आहे म्हणतो."

"इचारा, चाय घेनार काय?"

मग त्यांनी बॉनेट उघडून उंदराने कुरतडलेली वायर दोन बोटांत धरून दाखवली. इंजिनीअर हसले आणि चहाचे पैसे देऊन गेले. पुढे ते दर सहा महिन्यांनी यंत्राशिवाय येत.

हे सगळं त्या एकवीस दिवसांच्या आधीचं.

मेस्त्रींना एकच मुलगी, कविता. तिचा नवरा महेश ट्रक चालवतो. दोघांनी मिळून एक जुना सीएनजी ट्रक घेतला. इंजिन जाम झालेलं होतं, म्हणूनच तो त्यांना परवडला. मेस्त्रींनी ते इंजिन नट-बोल्टापर्यंत उघडलं आणि दोन महिने लावून नव्याने बांधलं. सीएनजीचं त्यांनी बांधलेलं ते पहिलंच इंजिन. आयुष्यभर त्यांनी डिझेल केलं होतं, आणि डिझेलला प्लग नसतो. सीएनजीच्या इंजिनात दर सिलिंडरला एक प्लग असतो. त्याच्या टोकाला ठिणगी पडते आणि गॅस पेटतो. प्लग काढून त्याचं टोक पाहिलं की आत काय चाललंय ते कळतं. कोरडं, बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. काळं आणि ओलं असेल तर आत ऑइल येतंय. मेस्त्रींना हे फार आवडलं होतं.

"डिझेल मुकं असतं," ते म्हणाले होते. "ह्याला जीभ हाय. बाहेर काढ म्हनायचं, बघायचं."

ट्रक बर्फातली मासळी करंजा बंदरातून पुण्याला नेऊ लागला. वाटेत पळस्पे लागतंच. रोज दुपारी अडीचच्या सुमारास तो गॅरेजसमोर थांबे. मेस्त्री पाणी पाहत, ऑइल पाहत, कमी वाटलं तर भरत, चाकांवर हात फिरवत आणि म्हणत, "जाऊन ये." कविताही ट्रकबरोबर जात असे. पुण्याच्या व्यापाऱ्यांशी बोलणं तिच्याकडे होतं. घाट संपून खंडाळ्याला पोचलं की ती बापाला एक मिस्ड कॉल देई. एक रिंग वाजून बंद झाली की सगळं ठीक. रिंग वाजत राहिली तर उचलायचं.

ट्रक सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी रिंग वाजत राहिली.

घाटाच्या चढावर इंजिन आधी धडधडलं, मग एक-दोन सिलिंडर मेल्यासारखे झाले आणि एका वळणावर ते बंद पडलं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदतही थांबते. महेशने दोनदा पाय मारला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं झालं. हँडब्रेक धरेपर्यंत भरलेला ट्रक मागे सरकला. कविताने दार उघडून उडी मारली आणि रस्त्याकडेचा दगड मागच्या चाकाखाली टाकला. मागून टँकर येत होता. तो थांबला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ती हे हसत हसत सांगत होती. "टँकरवाला मला बोलतो, ताई, एवढा दगड उचलला, जेवता काय? मी बोलले, मावरं. मागं ट्रकभर हाय."

महेश हसला. मीही हसलो. मेस्त्रींनी विचारलं, "किती सरकला?"

"असेल हातभर."

"कुनाचा हात?"

कविताने दोन्ही हात पसरून दाखवले.

मेस्त्रींनी चारही प्लग काढले आणि पेपरावर मांडले. समुद्राच्या बाजूचे दोन, एक आणि दोन नंबर, काळे आणि ओले होते. तीन आणि चार कोरडे. त्यांनी एक नंबर नाकाजवळ नेला, अंगठ्याच्या नखावर घासला आणि बराच वेळ नखाकडे पाहत राहिले.

"ऑइल," ते म्हणाले.

त्या दिवशी दुपारचा चहा त्यांनी घेतला नाही. मी हे नोंदवतो, कारण सहा वर्षांत तसं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी दोघं गेल्यावर मेस्त्री माझ्यासमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात बोलले. दोन महिन्यांपूर्वी एक टेम्पो परत आला होता. चाकाचे दोन नट सैल. टेम्पोवाल्याला काही झालं नाही, त्याने नुसतं सांगितलं. पण ते नट आपण आवळले होते की नाही हे मेस्त्रींना आठवत नव्हतं. तेव्हापासून ते प्रत्येक आवळलेल्या नटावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देत. एकदा ठिपका दिलेला नट सैल निघाला.

"माझी मोठी बहीन," ते म्हणाले, "साठाव्या वर्षी सवताच्या दारात उभी राहून इचारायची, हे घर कुनाचं. आधी भांडी इसरली. मंग मानसं."

त्यांनी नखावरचं ऑइल पेपराला पुसलं.

"ह्या इंजिनात मी कायतरी इसरलो हाय, पेपरवाले. कायतरी घालायचं राहिलं. काय ते मला आठवत नाय. आनि माझी पोर त्यात बसून घाट चढते."

मग त्यांनी मागणं केलं. ते आता इंजिन पुन्हा उघडणार. ते जे जे करतील ते मी लिहायचं. काहीही गाळायचं नाही.

"तुमी जनमभर दुसऱ्याचं लिवलं," ते म्हणाले. "माझं लिवा. मंग मी काय इसरलो ते सापडंल."

आता ते करंजाला कविताकडे असतात. गेल्या वेळी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला दोनदा नाव विचारलं. म्हणजे त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. पण त्या दिवसांतली गोष्ट त्या दिवसांतच सांगितली पाहिजे.

वहीतली पहिली नोंद अशी आहे. "पहिल्यांदा उघडलं. हेड काढलं. व्हॉल्व्हची सीलं आठ, सगळी नवीन. हेड गॅस्केट नवीन. हेडचे बोल्ट आवळले, प्रत्येकावर ठिपका, मी मोजले. प्लग चार, नवीन. ऑइल भरलं, खुणेवर दोन बोटं. वेळ संध्याकाळी सहा."

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्यातल्या व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपतं, त्यामुळे प्लग ओले होतात, हा त्यांचा पहिला अंदाज. महेशने ट्रक पळस्प्यापासून पेणच्या रस्त्याने रिकामा फिरवून आणला. प्लग कोरडे. पुन्हा फिरवून आणला. कोरडे. मेस्त्री "जाऊन ये" म्हणाले. चार दिवस मिस्ड कॉल एका रिंगचा आला. पाचव्या दिवशी घाटात पुन्हा धडधड सुरू झाली. या वेळी महेशने इंजिन बंद पडायच्या आत ट्रक कडेला घेतला. एक आणि दोन नंबर ओले. तीन आणि चार कोरडे.

या बिघाडाची सगळ्यात वाईट गोष्ट हीच होती. सपाटीवर तो दिसतच नव्हता. गॅरेजसमोर इंजिन शिवणयंत्रासारखं चाले. तो दिसायचा तो फक्त चढावर, भरल्या ट्रकमध्ये, जिथे मागे सरकायला जागा नव्हती तिथे.

दुसऱ्यांदा त्यांनी पिस्टन बाहेर काढले. रिंगा बदलल्या, प्रत्येक रिंगेची फट पातळ मोजपट्टीने मोजली आणि मला आकडा मोठ्याने सांगितला. मी लिहिला. त्यांनी मला तो परत वाचायला लावला. मग स्वतःवरचा विश्वास नसल्यासारखी रिंग पुन्हा काढून पुन्हा मोजली. आकडा तोच आला. त्यांचा चेहरा उजळला नाही.

प्लगवाल्या दुकानदाराने सल्ला दिला की जरा गरम जातीचे प्लग टाका, ऑइल जळून जाईल. मेस्त्री म्हणाले, "ताप आला म्हनून थर्मामीटर बदलू काय?" त्या तीन आठवड्यांत त्यांनी केलेला तो एकमेव विनोद. तो करतानाही ते हसले नव्हते.

त्या दिवसांत त्यांच्या हालचाली बदलल्या. पाना उजव्या हाताने उचलत आणि डाव्याने धरून पाहत, तोच आहे ना म्हणून. पत्र्याखाली येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे आधी चेसीखाली वाकून बघत, आपण केलेलं काहीतरी लोंबत असेल म्हणून. इतर कामं घेणं त्यांनी बंद केलं. जुनं गिऱ्हाईक आलं तर म्हणत, "दुसरीकडं जा. माझ्या हाताचं नको." माणसं गोंधळून जात. एकदा कविताला त्यांनी बहिणीच्या नावाने हाक मारली. ती सहज "ओ" म्हणाली. ते मात्र हातातली किटली खाली ठेवून तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दुरुस्तीनंतर ट्रक सहा दिवस चालला. मग पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा हेड पनवेलच्या वर्कशॉपमध्ये गेलं. व्हॉल्व्ह ज्या नळ्यांत सरकतात ते गाइड बदलून, सपाटी करून परत आलं. मेस्त्रींनी ते बसवलं तेव्हा त्यांचे ओठ सतत हलत होते. ते मोजत होते. मी नोंद केली. बोल्ट, ठिपके, गॅस्केट, प्लग, ऑइल, वेळ.

या खेपेला तिसऱ्याच दिवशी फोन आला आणि रिंग वाजत राहिली. मी तिथे होतो. मेस्त्रींनी फोन उचलला आणि कानाला लावून नुसते ऐकत राहिले. ट्रक घाटात बंद पडला होता, सरकला नव्हता, कविताने या वेळी उतरून आधीच दगड हातात घेऊन ठेवला होता. ती चढावर ट्रकच्या मागे चालत होती, दगड घेऊन. म्हणजे ट्रक चढत असताना ती त्याच्या मागे पायी चालत होती.

मेस्त्रींनी फोन ठेवला. "ती मागनं चालत होती," ते मला म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मागनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक रिकामा परत आला. महेशने मासळी दुसऱ्या गाडीत चढवून पुढे पाठवली होती. तो म्हणाला, "मामा, आपन हा ट्रक इकून टाकू. तुमाला दोष नाय. जुनं इंजिन, काय भरवसा."

"इंजिन जुनं नाय," मेस्त्री म्हणाले. "मी जुना हाय."

"बाबा, उगाच काय बोलता," कविता म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "वही काढा. सगळं वाचा. पहिल्यापासनं. हळू."

ते उलट्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कॅरेटवर बसले, डोळे मिटले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. मी वाचू लागलो. प्रत्येक ओळीनंतर ते "बरोबर" म्हणत. त्यांना ऐकायचं होतं ते गाळलेलं. कुठेतरी एक पायरी राहिली असेल, तिथे त्यांचं "बरोबर" अडेल, असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही.

"व्हॉल्व्हची सीलं आठ, नवीन."

"बरोबर."

"प्लग चार, नवीन."

"बरोबर."

"ऑइल भरलं, खुणेवर दोन बोटं."

"बरोबर."

दुसरी नोंद सगळी बरोबर निघाली. रिंगा, फटी, आकडे, बोल्ट. शेवटी, "ऑइल भरलं, खुणेवर दोन बोटं."

"बरोबर."

तिसरी नोंद. हेड, गाइड, गॅस्केट. काहीही राहिलेलं नव्हतं. मी शेवटची ओळ वाचली. "बरोबर" आलं नाही.

"परत वाचा."

"ऑइल भरलं, खुणेवर दोन बोटं."

"आधीच्या वेळचं?"

"तेच."

"त्याच्या आधीचं?"

"तेच, मेस्त्री."

त्यांनी डोळे उघडले. तीन दुरुस्त्यांमध्ये सीलं वेगळी होती, रिंगा वेगळ्या, गाइड वेगळे. एकच गोष्ट तिन्ही वेळा होती तशी होती. मी ती तीनदा लिहिली होती आणि तिन्ही वेळा तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

ते उठले, बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या माथ्यावरून हवेच्या नळीकडे जाणारा जाड रबरी पाइप उपसला. इंजिनातली कोंडलेली हवा या पाइपातून बाहेर पडते आणि परत सिलिंडरांत ओढली जाते. तो एक नंबरजवळ आत जातो. मेस्त्रींनी त्यात बोट घातलं. बोट मनगटाकडे ओघळ येईल इतकं भिजून बाहेर आलं.

महेशला समजायला थोडा वेळ लागला, मला जास्त. मेस्त्रींनी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. इंजिनाच्या तळाशी ऑइल असतं. किती असावं त्याची खूण पट्टीवर असते. त्याहून जास्त भरलं आणि ट्रक चढाला लागला की ऑइल मागे गोळा होतं, फिरणारा दांडा त्यात बुडून ते घुसळतो, त्याचा फेस होतो आणि तो फेस या पाइपातून वर जाऊन पहिल्या दोन सिलिंडरांत शिरतो. प्लग रोज थोडे थोडे भिजतात आणि काही दिवसांनी ठिणगी पडेनाशी होते. सपाटीवर ऑइल सपाट असतं, म्हणून तिथे काही होत नाही. आणि रोज अडीच वाजता ट्रक थांबला की मेस्त्री पट्टी काढून पाहत आणि खुणेच्या वर दोन बोटांना कमी दिसलं की भरत.

"डिझेलला चालून गेलं," ते म्हणाले. "थोडा धूर. कोन बघतो. त्याला प्लगच नाय."

"पण मामा, दोन बोटं वर कशाला?" महेशने विचारलं.

मेस्त्री पाइप पुसत राहिले. मला वाटतं कविताला माहीत होतं. मग मेस्त्री कुणाकडे न पाहता बोलले.

ते बावीस वर्षांचे होते. बोटीवर इंजिन त्यांच्याकडे होतं, आणि थोरला भाऊ जनार्दन सुकाणूवर. परत येताना वारा फिरला. बोट एका अंगावर कलली आणि बराच वेळ तशीच राहिली. इंजिनातलं ऑइल सगळं एका बाजूला गेलं. पंप जिथून ऑइल ओढतो ती जागा कोरडी पडली. ऑइल खुणेवर होतं, बरोबर खुणेवर, त्यांनी सकाळी पाहिलं होतं. इंजिन जाम झालं. बोट खडकाकडे वाहत गेली. चौघे पोहून आले. जनार्दन आला नाही.

"खुनेवर होतं," ते म्हणाले. "तवापासनं दोन बोटं."

रस्त्यावरून कंटेनर जात होते. मग महेश म्हणाला, "मंग तुमी कायच इसरला नाय, मामा."

मेस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. मी त्या चेहऱ्यावर सुटका शोधत होतो. तिथे नव्हती. आता त्यांना खुणेपर्यंत ऑइल कमी करायचं होतं आणि त्या ऑइलवर मुलीला घाट चढायला पाठवायचं होतं.

हे काम त्यांनी स्वतः केलं. तळाचा नट सैल करून थोडं थोडं ऑइल स्वच्छ भांड्यात काढलं. दर वेळी नट आवळून, थांबून, पट्टी काढून, पुसून, परत बुडवून पाहिली. मी मोजलं, पट्टी त्यांनी सात वेळा पाहिली. सातव्यांदा ऑइल बरोबर खुणेवर होतं. पाइप धुऊन बसवला. चार नवे प्लग लावले.

दुसऱ्या दिवशी अडीचला ट्रक भरून आला.

"आज महेशला एकट्याला जाऊ दे," मेस्त्री मुलीला म्हणाले.

"कशाला? तिकडं शेठ ह्याला गंडवतो. गेल्या टायमाला पापलेटाच्या भावात बांगडा देऊन आलेला."

"उलटं बोलतेस," महेश म्हणाला. "बांगड्याच्या भावात पापलेट."

"तेच. ते तरी ध्यानात हाय ना?" ती केबिनमध्ये चढली. मग काचेतून वाकून म्हणाली, "बाबा, इंजिन तुमीच बांधलं ना? मंग मला उतरायला कशाला सांगता?"

मेस्त्रींनी बॉनेट उघडलं. त्यांनी पट्टी पाहिली. चाकांवर हात फिरवला. महेश चहाच्या टपरीकडे वळला आणि कविता दुसऱ्या बाजूने उतरून पाणी भरायला गेली, तेवढ्या वेळात ते केबिनमध्ये चढले आणि उतरले. काय केलं ते मी पाहिलं, विचारलं नाही.

"जाऊन ये," ते म्हणाले. ट्रकने हॉर्न दिला आणि फाट्याकडे वळला.

रोज खंडाळ्याचा मिस्ड कॉल साधारण दीड तासाने येई. त्या दिवशी दीड तास झाला, पावणेदोन तास झाले. मेस्त्री कॅरेटवर बसले होते, फोन समोर कालच्या पेपरावर ठेवलेला. आधीचे दोन ओले प्लग त्याच्या शेजारी होते. मी बोलायचा प्रयत्न केला. घाटात वाहतूक असेल म्हणालो. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही तळवे चड्डीला पुसले आणि परत गुडघ्यांवर ठेवले. दोन तास झाले.

फोन वाजला. एक रिंग. दुसरी. तिसरी. तो वाजतच राहिला.

मेस्त्रींनी हात पुढे केला आणि अर्ध्यात थांबवला. फोन पेपरावर थरथरत समुद्राच्या बाजूला सरकत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"बाबा?"

"मी आहे," मी म्हणालो. "ते इथेच आहेत. बोल."

"आमी वर आलो. खोपोलीला रस्ता जाम होता. बाबा, ऐकू येतंय ना? महेशने प्लग काढले. हात भाजला म्हनून शिव्या घालतोय. चारी कोरडे हायेत. बिस्किटासारखे."

मेस्त्रींनी पेपरावरच्या दोन ओल्या प्लगांकडे पाहिलं.

"मग पूर्ण रिंग का दिलीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"अहो काका, सीटच्या मागं ऑइलची बाटली हाय. भरलेली, दोरीने बांधलेली. आमची नाय. बाबा, तुमी इथंच इसरलात काय?"

मेस्त्री फोनवर वाकले.

"इसरलो नाय," ते म्हणाले. "ठेवली. इंजिनात घालू नका. असू दे नुसती."

ती म्हणाली, "बरं. असू दे."

फोन बंद झाला. मेस्त्रींनी तोंडावरून हात फिरवला. कपाळावर काळा पट्टा उमटला. त्यांनी पेपरावरचे ते दोन ओले प्लग उचलून डब्यात टाकले आणि माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं.

"लिवा," ते म्हणाले.

वहीतली शेवटची नोंद अशी आहे. "घाट चढला. प्लग चारही कोरडे. ऑइल खुणेवर. बाटली एक, सीटमागे, मेस्त्रींनी ठेवली."

मी ती त्यांना वाचून दाखवली.

"बरोबर," ते म्हणाले.